मांजरांच्या घरात कुत्रा आणताय? मग हे वाचा
पहिल्याच दिवशी समोरासमोर आणायची घाई नको, कुत्र्याला वेगळी खोली द्या आणि दोघांची अंथरुणं अदलाबदल करत राहा, आधी वासाने ओळख होऊ दे. मग कुत्र्याला पट्टा लावूनच भेट, तीही पाच-दहा मिनिटं बास. एखाददुसरं भुंकणं ठीके, पण अंग ताठ करून मांजरीकडे एकटक बघत राहिला ना, की लगेच खाऊ दाखवून लक्ष वळवा आणि बाहेर न्या. मांजरीला उंचावर जागा हवीच, शेपूट फुगवून कपाटावर जाऊन बसली तर बसू दे, ओढून खाली आणू नका. आणि हो, लिटर बॉक्स, म्हणजे मांजरीचा शी-शूचा डबा, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही असा ठेवा, त्यातलं बरेच कुत्रे आवडीने खातात (ईईई, पण खरंय). दोघांना एकटं सोडायचं मात्र सुरुवातीचे काही आठवडे नाहीच.