रेपोच्या आत रेपो: गिट वापरताना या चुका टाळा

"भाऊ, फोल्डर दिसस पन उघडस नही." प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की जळगाव, धुळे, शिरपूरकडची मुलं हे हमखास विचारतात. गिटहबवर, म्हणजे गिटने (फाइलींतल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनाने) सांभाळलेला कोड ऑनलाइन ठेवायच्या जागी, 'वेब' नावाचं फोल्डर असतं, त्याच्या चिन्हावर छोटा बाण असतो, नावापुढे @ आणि काही अक्षरं-आकडे असतात. क्लिक केलं तर काहीच उघडत नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर क्लोन केलं, म्हणजे तिथून पूर्ण प्रत उतरवली, तर ते फोल्डर रिकामं येतं.

हा गिटहबचा बिघाड नाही. गिट ज्या फोल्डरचा इतिहास जपतं त्याला रेपो म्हणतात, आणि तो इतिहास आतल्या डॉट-गिट फोल्डरमध्ये असतो. 'वेब'च्या आत आणखी एक डॉट-गिट फोल्डर आहे, म्हणजे रेपोच्या आत रेपो आहे. बाहेरच्या रेपोने आतल्या फाइली घेतलेल्याच नाहीत. आतल्या रेपोची शेवटची कमिट (जतन केलेला टप्पा) कोणती, तेवढा क्रमांक त्याने लिहून ठेवला आहे. म्हणजे तुमचा कोड सर्व्हरवर गेलेलाच नाही, तो फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे. हार्ड डिस्क गेली तर वर्षाचं काम गेलं. म्हणून ही गोष्ट किरकोळ समजू नका.

(खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायच्या.)

चूक होते ती क्रमात

समजा, रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीचे रोजचे भाव दाखवणारं ॲप तुम्ही करताय. 'केळीभाव' हे मुख्य फोल्डर, त्यात 'सर्व्हर' आणि 'वेब'. बहुतेक जण आधी 'वेब' करतात, क्रिएट-नेक्स्ट-ॲप किंवा अँग्युलर सीएलआय वापरून. ही साधनं नवं प्रोजेक्ट उभं करताना स्वतःहून गिट इनिट करतात, म्हणजे नवा रेपो सुरू करतात. मग सर्व्हरचा कोड लिहून होतो आणि शेवटी कुणीतरी 'केळीभाव'मध्ये गिट इनिट करून 'गिट ॲड .' (सगळ्या फाइली नोंदीला घेणारी कमांड) चालवतं. इथेच घोळ होतो.

बाहेरचं गिट इनिट आधी केलं असतं तर हीच साधनं गप्प बसली असती, कारण आपण आधीच एका रेपोत आहोत हे ती तपासतात. तेव्हा मुख्य फोल्डर तयार झालं की पहिलं काम गिट इनिट. अँग्युलरमध्ये --स्किप-गिट हा पर्यायही आहे. व्हीट या अशाच साधनाचं क्रिएट-व्हीट मात्र गिट इनिट करत नाही, त्यामुळे तिथे हा त्रास नाही.

दुसरी वाट मित्राच्या कोडची. त्याचा रेपो तुमच्या फोल्डरमध्ये क्लोन केला किंवा पेनड्राइव्हवरून जसाच्या तसा कॉपी केला की डॉट-गिटही सोबत येतं, आणि विंडोजमध्ये ते लपलेलं असतं. गिटहबवरून झिप डाउनलोड केली तर त्यात डॉट-गिट नसतं. फक्त कोडच हवा असेल तर झिप घ्या.

गिट सूचना देत नाही असंही नाही. 2017 मधल्या 2.14 आवृत्तीपासून ते "अॅडिंग एम्बेडेड गिट रिपॉझिटरी" असा इशारा देतं आणि पुढे काय करायचं तेही सांगतं. पण विंडोजवर त्याच वेळी एलएफ-सीआरएलएफच्या (ओळीच्या शेवटच्या चिन्हांबद्दलच्या) इशाऱ्यांची रांग लागते आणि कामाची ओळ वर सरकून जाते. 'गिट ॲड' नंतर स्क्रीन वर सरकवून एकदा वाचाच. आतल्या रेपोत एकही कमिट नसेल तर "डझ नॉट हॅव अ कमिट चेक्ड आउट" म्हणून ॲडच अडतं. ते एका अर्थाने बरंच, निदान कळतं तरी.

हात लावण्याआधी तपासा

'गिट एलएस-फाइल्स --स्टेज' चालवा. साध्या फाइलींपुढे 100644 किंवा 100755 दिसतं. ज्या ओळीपुढे 160000 आहे ती आतल्या रेपोची नोंद. गिट बॅशमध्ये 'फाइंड . -नेम .गिट' दिलं की कुठे कुठे डॉट-गिट दडलंय ते कळतं. डिप्लॉय करताना, म्हणजे ॲप सर्व्हरवर चढवताना, "नो यूआरएल फाउंड फॉर सबमॉड्यूल पाथ" आलं, तर दुखणं हेच: 160000 ची नोंद आहे, पण डॉट-गिटमॉड्यूल्स फाइलमध्ये तिचा पत्ता नाही.

आतलं डॉट-गिट हे फोल्डर आहे की फाइल, तेही बघा. एका ओळीची फाइल असेल तर तो बहुधा कुणीतरी विचारपूर्वक जोडलेला सबमॉड्यूल (पत्त्यासह जोडलेला आतला रेपो) आहे. विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

केळीच्या बुंध्याशी पिल फुटतं तेव्हा आपल्याकडचा शेतकरी काय करतो? नको असेल तर वेळेत कापतो, नाहीतर एक जोमदार पिल पिलबागेसाठी राखतो. आतल्या रेपोचंही तसंच करायचं. आधी ठरवा, कापायचा की राखायचा.

कापायचा असेल तर

चार जणांच्या कॉलेज प्रोजेक्टला माझ्या मते हाच मार्ग बरा. पण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, कारण मुलं घाईने डॉट-गिट उडवतात.

आधी 'वेब'मध्ये जाऊन 'गिट लॉग' बघा. तिथे दोन-तीनच कमिट असतील तर जाऊ द्या. महिन्यांचा इतिहास असेल, किंवा मित्राने त्याच्या वेगळ्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या फांदीवर) काम ठेवलं असेल, तर थांबा. ब्रँच, स्टॅश (बाजूला ठेवलेले बदल), सगळं त्याच डॉट-गिटमध्ये असतं. काहीही असो, अख्ख्या 'वेब'ची एक कॉपी दुसरीकडे ठेवा.

मग 'केळीभाव'मध्ये येऊन 'गिट आरएम --कॅश्ड वेब'. --कॅश्ड विसरू नका. त्यामुळे फक्त नोंद निघते, फाइली जागेवर राहतात. नोंद झाल्यानंतर आत नवी कमिट झाली असेल तर गिट कधी कधी -एफ मागतं, तेव्हा ते जोडा. त्यानंतर 'वेब'मधलं डॉट-गिट काढा. रिमूव्हची कमांड ('आरएम -आरएफ .गिट') देण्याआधी 'पीडब्ल्यूडी' टाइप करून आपण 'वेब'मध्येच आहोत ना, हे डोळ्यांनी बघा. हीच कमांड 'केळीभाव'मध्ये चालली तर बाहेरचा सगळा इतिहास पुसला जातो. शेवटी 'गिट ॲड वेब' आणि कमिट.

नोंद न काढता नुसतं डॉट-गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या गोष्टींच्या यादीत) 'वेब' लिहून उपयोग नाही. एकदा नोंद झालेल्या गोष्टीला इग्नोर लागू होत नाही. दोन्ही रेपो खरंच स्वतंत्र ठेवायचे असतील तर नोंद काढून मग इग्नोर लिहा, ते योग्यच आहे.

इतिहासही हवा असेल तर सबट्री वापरा. 'वेब' उचलून बाहेर हलवा, नोंद काढून कमिट करा, आणि 'गिट सबट्री ॲड --प्रिफिक्स=वेब' पुढे हलवलेल्या रेपोचा पाथ आणि ब्रँच द्या. 'वेब' जागेवर असताना ही कमांड चालत नाही. आतल्या कमिट बाहेरच्या इतिहासात येतात.

राखायचा असेल तर

'वेब' दुसरी टीम सांभाळते, किंवा तोच कोड दोन प्रोजेक्टांत लागतो, तेव्हा सबमॉड्यूल. आधी आतला रेपो त्याच्या स्वतःच्या रिमोटवर (सर्व्हरवरच्या रेपोत) पुश करा, म्हणजे चढवा, बाहेरची नोंद काढा, मग 'गिट सबमॉड्यूल ॲड' पुढे यूआरएल आणि 'वेब'. क्लोन करणाऱ्यांना --रीकर्स-सबमॉड्यूल्स सांगा. आधीच क्लोन केलं असेल तर 'गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रीकर्सिव्ह'.

यात दोन गोष्टी सतत चुकतात. एक, सबमॉड्यूल अपडेट झाला की तो डिटॅच्ड हेडवर, म्हणजे ब्रँच सोडून थेट एका कमिटवर, असतो. आत काम करण्याआधी ब्रँच चेकआउट करा, नाहीतर कमिट कुठल्याच ब्रँचवर राहत नाही. दोन, बाहेरचं पुश होतं आणि आतलं राहून जातं. मग इतरांकडे "नॉट अवर रेफ" अशी चूक येते, कारण तो क्रमांक सर्व्हरवर नसतोच. 'गिट पुश --रीकर्स-सबमॉड्यूल्स=चेक' वापरलं तर गिट आधीच अडवतं.

लॅबमधल्या कॉम्प्युटरवर

कधी उलटं होतं: बाहेरचा रेपो नको तिथे असतो. कुणीतरी होम फोल्डरमध्ये किंवा थेट डी ड्राइव्हवर गिट इनिट केलेलं असतं आणि खालचं प्रत्येक फोल्डर त्या रेपोत मोडतं. व्हीएस कोडमध्ये हजारो बदल दिसायला लागतात. 'गिट रेव-पार्स --शो-टॉपलेव्हल' दिलं की रेपोचं मूळ कुठे आहे ते कळतं. ते डॉट-गिट तुमचं असेल आणि आत कामाची कमिट नसेल तरच काढा.

एप्रिल 2022 च्या 2.35.2 पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत काम करायला नकार देतं आणि आता "ड्युबियस ओनरशिप" (मालकी संशयास्पद) म्हणतं. अनेक जण त्यावर सेफ-डिरेक्टरीला (कोणत्या फोल्डरवर विश्वास ठेवायचा त्या सेटिंगला) *, म्हणजे 'सगळी', देऊन मोकळे होतात. सामायिक कॉम्प्युटरवर असं करू नका, ते संरक्षण तुमच्यासाठीच आहे. फक्त आपल्या फोल्डरचा पाथ द्या. एक्सफॅट पेनड्राइव्हवरही हाच संदेश येतो, कारण तिथे मालकीची नोंदच नसते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि 'गिट क्लीन', म्हणजे ट्रॅक न झालेल्या (गिटकडे नोंद नसलेल्या) फाइली पुसणारी कमांड. -एफडी दिलं तर ट्रॅक न झालेले आतले रेपो ते सोडून देतं. "निघत नाही" म्हणून दोनदा -एफ दिलं की ते रेपो पुश न केलेल्या इतिहासासकट जातात.

दुरुस्ती पुश केल्यावर वेगळ्या फोल्डरमध्ये नव्याने क्लोन करून ॲप चालवून बघा. टीममधल्या ज्यांच्या लॅपटॉपवर 'वेब'मध्ये जुनं डॉट-गिट अजून आहे, त्यांना पुल करताना (सर्व्हरवरचे बदल आणताना) "अनट्रॅक्ड फाइल्स वुड बी ओव्हररिटन" अशी अडचण येऊ शकते. त्यांनी आपलं 'वेब' आधी बाहेर हलवावं, पुल करावं, आणि स्वतःचे राहिलेले बदल त्यानंतर नव्या फोल्डरमध्ये आणावेत.