राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक निवडताना या चुका टाळा

राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक पायउतार झाला की दुसऱ्याच दिवशी संभाव्य नावांची चर्चा सुरू होते आणि बहुतेक महासंघांची पहिली चूक तिथेच होते. पुढच्या दोन वर्षांत प्रशिक्षकाकडून नेमके काय हवे आहे, हे कागदावर उतरण्याआधीच माणूस ठरू लागतो. मग मुलाखत हा केवळ उपचार उरतो.

क्लबच्या करंडकांवरून पारख करू नका

क्लबच्या प्रशिक्षकाला उणीव भासली तर खेळाडू विकत घेता येतो आणि हंगामभर जवळपास रोज सराव घेता येतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे चांगला डावा बचावपटू नसेल, तर तो बाजारातून आणता येत नाही. वेळेचा हिशेब तर त्याहून कठीण असतो. समजा, सामना गुरुवारी आहे. रविवारी रात्री उशिरापर्यंत क्लबसाठी खेळलेले खेळाडू सोमवारी संध्याकाळी, काही जण मंगळवारी सकाळी शिबिरात पोहोचतात. मंगळवार थकलेले पाय मोकळे करण्यात जातो आणि संपूर्ण संघासह घेता येणारे खरे सरावसत्र बुधवारचे तेवढे एकच उरते. म्हणून मुलाखतीत उमेदवाराला त्याच्या खेळाच्या तत्त्वज्ञानावर बोलायला लावण्यापेक्षा संघाचे खरे वेळापत्रक हातात द्यावे आणि बुधवारच्या त्या सव्वा तासात तो काय शिकवील, मुख्य म्हणजे काय सोडून देईल, हे विचारावे. ज्याला काहीच सोडवत नाही, तो क्लबसाठी उत्तम प्रशिक्षक असू शकेल. या कामासाठी मात्र त्याच्याबद्दल शंका घ्यावी.

लिओनेल स्कालोनी यांना २०१८ मध्ये अर्जेंटिनाची हंगामी जबाबदारी मिळाली, तेव्हा वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर काहीच नव्हते. त्यांच्या संघाने २०२१ ची कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा आणि २०२२ चा विश्वचषक जिंकला. स्पेनला २०२४ चा युरो, म्हणजे युरोपीय देशांचा चषक, जिंकून देणारे लुइस दे ला फुएन्ते हेही स्पेनच्याच महासंघाच्या १९ आणि २१ वर्षांखालील संघांबरोबर युरोपीय विजेतेपदे मिळवून वर आले होते. वरिष्ठ संघातल्या अनेकांना ते पोरवयापासून ओळखत होते. तरीही ‘घरचा माणूस’ हे यशाचे सूत्र समजू नये. रेमों दोमेनेक हेसुद्धा फ्रान्सच्या २१ वर्षांखालील संघाकडूनच वर आले. त्यांनी २००६ मध्ये विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली, पण २०१० च्या स्पर्धेत त्यांच्याच खेळाडूंनी सरावाला नकार दिला. उमेदवार आतला आहे की बाहेरचा, यापेक्षा रुसलेला तारांकित खेळाडू तो कसा हाताळतो, हे त्याच्या जुन्या कर्णधारांकडून समजून घेणे अधिक उपयोगाचे.

परदेशी की स्वदेशी हा वाद मला जरा फुगवलेला वाटतो. २०२२ पर्यंतचे सर्व २२ पुरुष विश्वचषक स्वदेशी प्रशिक्षकांच्या संघांनी जिंकले, हे खरे. परंतु जिंकणाऱ्या देशांकडे मुळातच चांगल्या प्रशिक्षकांची वाण नव्हती, हेही त्यामागचे कारण आहे. ग्रीसला २००४ चा युरो जिंकून देणारे ओटो रेहागेल जर्मन होते.

एका नावाची वाट पाहत बसू नका

२०२३ मध्ये ब्राझीलच्या महासंघाच्या अध्यक्षांनी कार्लो आन्चेलोत्ती पुढच्या वर्षी येणार, असे जाहीरपणे सांगून टाकले. तोवर हंगामी सूत्रे फर्नांदो दिनिझ यांच्याकडे देण्यात आली, तीही फ्लुमिनेन्से क्लबचे काम सांभाळून. ब्राझील पात्रता फेरीतले सलग तीन सामने हरला. त्यांपैकी अर्जेंटिनाविरुद्धचा पराभव हा विश्वचषक पात्रता फेरीत ब्राझीलचा मायदेशातला पहिलाच. डिसेंबरमध्ये आन्चेलोत्ती यांनी रेआल माद्रिदबरोबरचा करार वाढवला आणि अखेर ते आले २०२५ मध्ये. पहिल्या पसंतीला उत्तराची तारीख द्यावी आणि ती उलटली की दुसऱ्या नावाकडे वळावे.

दुहेरी जबाबदारीचा फटका दक्षिण कोरियालाही बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रशिक्षक युर्गेन क्लिन्समान यांना दूर केल्यावर मार्चच्या सामन्यांसाठी २३ वर्षांखालील संघाच्याच प्रशिक्षकांना बोलावले गेले. पुढच्याच महिन्यात तो संघ इंडोनेशियाकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला आणि ऑलिम्पिकला मुकला. केवळ या जोडकामामुळेच तसे झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ऐन पात्रता स्पर्धेच्या तोंडावर त्यांचे लक्ष विभागण्याचे कारण नव्हते. कायमच्या नेमणुकीला जुलै उजाडला.

कराराचा मसुदा घाईत लिहू नका

स्पेनने २०१८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर हुलेन लोपेतेगी यांचा करार वाढवला होता. स्पर्धेला दोन दिवस उरलेले असताना रेआल माद्रिदने त्यांना आपले पुढचे प्रशिक्षक म्हणून जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी महासंघाने त्यांना काढून टाकले. पोर्तुगालविरुद्धच्या पहिल्या सामन्याला तेव्हा दोनच दिवस बाकी होते. नवी सूत्रे फर्नांदो हिएरो यांच्याकडे आली आणि स्पेन बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात रशियाकडून पेनल्टींवर हरला. करारातून बाहेर पडण्याची रक्कम लिहिणे पुरेसे नसते. स्पर्धेआधीचे किती आठवडे ते कलम गोठलेले राहील आणि दुसरीकडून विचारणा झाल्यास महासंघाला केव्हा कळवायचे, हेही लिहून घ्यावे. महासंघाच्या बाजूनेही स्पर्धा संपल्यावर फेरविचाराची मुभा ठेवावी, अन्यथा नको असलेला प्रशिक्षक केवळ भरपाई परवडत नाही म्हणून टिकून राहतो.

निवड चुकलीच तर

स्पर्धेच्या मध्यावर प्रशिक्षक बदलणे जोखमीचे असते, पण बाकावरचा सहायक तयार असेल तर ते अशक्य नसते. म्हणून मुख्य प्रशिक्षकाला सगळे सहायक स्वतःबरोबर आणू देऊ नयेत. निदान एक माणूस महासंघाचा असावा आणि त्याने प्रत्येक सरावाच्या नोंदी ठेवाव्यात. जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिका चषकाचा यजमान आयव्हरी कोस्ट विषुववृत्तीय गिनीकडून ०-४ असा हरला आणि ज्याँ-लुई गासे यांचे पद गेले. संघ पुढच्या फेरीत जाणार की नाही, हेही तेव्हा स्पष्ट नव्हते. मोरोक्कोने झांबियाला हरवल्यामुळे तो कसाबसा वाचला. सूत्रे सहायक एमेर्स फाए यांच्याकडे आली. दरम्यान महासंघाने फ्रान्सच्या महिला संघाचे प्रशिक्षक हर्वे रेनार्ड यांना उसने मागून पाहिले आणि फ्रान्सने ती विनंती फेटाळली. त्यामुळे फाएच राहिले. त्यांच्या संघाने सेनेगलला पेनल्टींवर बाहेर काढले आणि अंतिम सामन्यात नायजेरियाला २-१ असे हरवून चषक घरीच ठेवला.