‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ म्हणायच्या आधी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचा चटणी, म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट, कांडायचा डंक आहे. उन्हाळ्यात घरोघरच्या बायका वर्षाची चटणी करून न्यायला येतात, त्यांच्यात काही खानावळवालेही असतात. त्यामुळे कुणाच्या रश्श्यात काय पडतं, निदान तिखटापुरतं तरी, मला बऱ्यापैकी ठाऊक असतं. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आमच्या गल्लीतली पोरं सुट्टीला आली की जुन्या खानावळीत जातात आणि तोंड पाडून परत येतात. "वहिनी, आता पहिल्यासारखं राहिलं नाही." मी विचारते, कधी गेलावता, काय मागवलं, नेमकं काय बदललंय? तिथं मात्र बोलती बंद. म्हणून चव खरंच बदलली का हे कसं पारखायचं, ते एकदाचं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट वाराची. रविवारी जाऊ नका. अंबाबाईचं दर्शन झालं की सगळी गर्दी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर तुटून पडते, आणि गर्दी वाढली की पातेल्यात रस्साही वाढतो. कशानं ते सांगायला नको. सोमवार, गुरुवार, शनिवार आपल्याकडं निम्मी घरं मटणाला शिवत नाहीत, तेव्हा त्या दिवशी खप कमी. बुधवार किंवा शुक्रवार धरा. दुपारी साडेबारा-एकला पोचा, म्हणजे पहिलं पातेलं मिळतं. श्रावणात तर निकाल लावूच नका.

महिनाही बघा. हे फारसं कुणी सांगत नाही. कांदा-लसूण चटणी एप्रिल-मेमध्ये होते. जूनमध्ये तीच चटणी झणझणीत, लसूण पुढं. दिवाळीपर्यंत ती मुरते. पुढच्या मार्चपर्यंत रंग उतरतो, वासही मवाळ होतो. तुम्ही शाळेच्या सुट्टीत मेअखेरीला खात होता आणि आता फेब्रुवारीत आलाय, तर फरक लागणारच. त्यात आचाऱ्याचा काय दोष?

आता ताटावर. आल्या आल्या मटण थाळी मागवून फोटो काढत बसू नका. आधी पांढरा रस्सा घ्या, नुसता, वाटीनं. पांढऱ्यात मटणाचं अळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू असं असतं; तिखट जेमतेम, म्हणून लपवायला जागा नाही. खसखस महाग, त्यामुळं पहिली कात्री तिथंच लागते. मग काजू किंवा मगजबी वाढवतात, ते चालतं. पण कॉर्नफ्लॉवर पडलं की जिभेवर एक चिकट, गुळगुळीत थर राहतो आणि खाली मटणाची चव सापडत नाही. पांढऱ्यात अळण्याची चव लागली की समजा, घर शाबूत आहे.

मग तांबडा. चमच्यानं वरची तर्री बाजूला सारा आणि खालचं बघा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून खऱ्या रश्श्यात लाली वर तरंगते आणि खाली तपकिरीकडं झुकलेला, भाजल्या कांदा-खोबऱ्याचा रंग असतो. खाण्याचा कृत्रिम रंग पाण्यात विरघळतो. तेलाखालचं पाणीही गुलालासारखं लालभडक दिसलं तर पुढचं काही विचारू नका. ब्याडगी मिरची रंग देते, तिखटपणा कमी. संकेश्वरी तिखटही देते आणि वासही. पण ती महाग पडते, म्हणून बरेचजण ब्याडगीच वाढवतात आणि तिखटाची कसर लवंगीनं भरून काढतात. जीभ भाजते पण नाकाला काही कळत नाही, तेव्हा हे झालेलं असतं.

याला निम्मं कारण बाहेरची माणसं आहेत, हे माझं स्पष्ट मत. बाहेरगावी ‘कोल्हापुरी’ म्हणजे डोळ्यातनं पाणी काढणारं काहीतरी, अशी समजूत. व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी माझ्या आईनं जन्मात केली नाही. ती अपेक्षा घेऊन लोक इथं येतात, "तिखट नाही का अजून?" म्हणतात, आणि मालक बिचारा चटणीचा डाव वाढवतो. टेबलावर सोलकढी आली, मेनूत बटर चिकन शिरलं, मिसळीबरोबर ब्रेडऐवजी पाव आला, की ओळखायचं: गिऱ्हाईक बदललंय. गिऱ्हाईक बदललं की रस्सा बदलतोच. त्याच खानावळीत गावातली माणसं कुठल्या वेळेला येतात ते बघा आणि त्या वेळेला जा.

मटणाचे तुकडे मात्र मोजू नका. 2019 च्या अखेरीला मटणाच्या दरावरनं इथं आंदोलन झालं होतं, म्हणजे दर हा आपल्याकडं किती जिव्हाळ्याचा विषय ते कळेल. थाळीचा दर आटोक्यात ठेवायचा तर मालक कुठंतरी हात आखडणार. त्यानं तुकडे कमी केले आणि रस्सा राखला, तर मी त्याला शहाणा म्हणते. मटण पालव्याचंच, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचंच, आहे का, एवढं विचारा.

फरशी, एसी, गुळगुळीत मेनूकार्ड याचा राग धरू नका. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी जिथं शिरलं, तिथं काहींना सगळं नव्यानं उभं करावं लागलं. बिल तेवढं वाचा. जीएसटी साधारण 5 टक्के असतो, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, 2022 पासून तशा सूचना आहेत. काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आता माणसं. "चव का बदलली?" असं गल्ल्यावर विचारलं की मालक म्हणणार, "काहीच बदललं नाही, साहेब." त्याला दुसरं म्हणताच येत नाही. वाढप्याला विचारा, आणि असं विचारा: "भट्टीवर आता कोण असतंय?" तो सांगतो. "मामा होय? ते गेले की सोडून." आचारी गेला असेल तर तुमची खानावळ त्याच्याबरोबर गेली, पाटी जुनी असली तरी. मग त्याचा माग काढायचा. आमच्या ओळखीतला एक आचारी असाच राजारामपुरीतनं उठून हायवेच्या बाजूला गेला आणि जुनी गिऱ्हाइकं आपसूक तिकडं वळली.

तो कुठं गेला हे वाढपी सांगायला कचरतो, कारण मालक समोर असतो. भाकरी करणाऱ्या मावशींना विचारा. आचारी बदलतात, पोरं बदलतात, मावशी बहुधा त्याच असतात. पण जेवणाच्या गर्दीत जाऊ नका, त्यांचे हात पिठात असतात आणि तवा तापलेला असतो. साडेतीनच्या पुढं त्या मागच्या दारी चहा घेऊन बसतात, तेव्हा जा. आधी भाकरीचं कौतुक करा, मग मामांचं नाव काढा.