थंडीच्या तोंडावर सुगंधी पानांची लागवड: निवड, पेरणी, पाणी आणि खुडणी

रात्री गार होऊ लागल्या आणि दुपारचं ऊन अंगाला बोचेनासं झालं की कोथिंबीर, शेपू, पार्सली आणि मेथी पेरायला घ्यावी. ही गारव्यातली पिकं आहेत. दिवसाचं तापमान 15 ते 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं तेव्हा ती भरभरून पानं देतात. ऊन तापलं आणि दिवस लांबला की कोथिंबीर आणि शेपू मधूनच दांडा काढतात, पानं दोऱ्यासारखी बारीक होतात आणि झाड फुलावर जातं. मग कितीही पाणी द्या, खत द्या, पान मागे फिरत नाही. त्यामुळे हे दोन-तीन महिने हातचे घालवू नका.

बेसिलचं याच्या उलट आहे. सब्जाच्या बिया ज्या झाडाच्या, तेच हे झाड. त्याला ऊब लागते. पारा 10 अंशांच्या खाली उतरू लागला की पानं काळवंडतात आणि दव गोठलं की झाड जातंच. ज्यांच्याकडे कडक थंडी पडते त्यांनी बेसिलच्या न फुललेल्या शेंड्यांच्या बोटभर काड्या आताच काढून, खालची पानं खुडून, पाण्यात ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. मग ती लहान कुंडीत लावून उजेडाच्या खिडकीशी ठेवली की हिवाळा निघतो.

काय लावायचं हे ठरवताना रोपवाटिकेतल्या सुंदर कुंड्यांकडे नंतर बघा, आधी आपल्या स्वयंपाकाकडे बघा. कुठलं पान तुम्हाला मूठभर लागतं आणि कुठलं चिमूटभर? कोथिंबीर, मेथी, शेपू ही मुठीने लागणारी पानं, आणि एकदा कापली की वाफा जवळजवळ रिकामाच होतो. त्यांना जागा द्यायची आणि पुन्हा पुन्हा पेरायची. रोझमेरी, थाइम, सेज यांचं एकेक झाड अख्ख्या घराला वर्षानुवर्षं पुरतं. मी नेहमी याच्या उलटं झालेलं पाहतो. रोझमेरीच्या तीन कुंड्या असतात आणि कोथिंबीर एका डब्यात, तीही एकदाच पेरलेली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही रोपं मरतात ती बहुतेक वेळा रोगाने किंवा किडीने नाही, तर चुकीच्या शेजारामुळे. एकाच लांबट कुंडीत पुदिना, बेसिल, रोझमेरी आणि थाइम लावलेलं छायाचित्रात छान दिसतं, पण त्यांची तहान सारखी नसते. पुदिन्याला जपावं तर रोझमेरीची मुळं कुजतात. रोझमेरीला जपावं तर पुदिना माना टाकतो. कुणाला किती पाणी हवं हे बऱ्याचदा पानच सांगतं. पान पातळ, रुंद, मऊ असेल तर झाड पाणी पिणारं: पुदिना, बेसिल, कोथिंबीर, पार्सली. पान अरुंद, चिवट किंवा लवदार असेल तर ते कोरडं सोसणारं: रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो. हे दुसरे सगळे भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या खडकाळ, उन्हाळी उतारांवरचे. तिथे माती हलकी, निचरा झटपट आणि पाऊस हिवाळ्यात. आपला मरवा ओरेगॅनोच्याच गणातला. त्यालाही निचरा हवाच, पण तो ओरेगॅनोपेक्षा थोडा नाजूक. पाणी पिणारे एका बाजूला आणि कोरडे एका बाजूला, एवढी विभागणी केली तरी निम्मी रोपं वाचतात.

उन्हाचंही जाता जाता सांगतो. कोरड्या गटाला आणि बेसिलला रोज सहा तास थेट ऊन हवं. पुदिना, पार्सली, कोथिंबीर आणि चाइव्ह्ज (कांद्याच्या कुळातली बारीक पात) तीन-चार तासांवर भागवतात. घराला एवढंच ऊन मिळत असेल तर रोझमेरीचा हट्ट सोडावा.

रोप आणावं की बी पेरावं

कोथिंबीर, शेपू, बडीशेप, पार्सली यांना सोटमूळ असतं. ते दुखावलं की झाड खुंटतं किंवा घाईने फुलावर येतं. म्हणून यांचं बी थेट कायमच्या जागीच पेरा. पुदिना, रोझमेरी, ओरेगॅनो यांचं मात्र रोप किंवा काडी आणावी. पेपरमिंट हा दोन पुदिन्यांचा नैसर्गिक संकर असून वांझ आहे, त्यामुळे त्याचं बी म्हणून जे मिळेल त्यातून तेच झाड येणार नाही. ओरेगॅनोच्या बियांपासून आलेल्या रोपांचा वास एकसारखा नसतो. काही अगदी फिकी निघतात. रोझमेरीचं बी उगवतं कमी आणि वाढतं फार हळू. रोप घेताना एक पान बोटांत चुरडून वास घ्यावा. वास मनात भरला तरच घ्यावं, झाड कितीही डेरेदार असलं तरी.

रोप विकत आणलं असेल तर आणखी एक काळजी घ्या. शोभेच्या झाडांशेजारी वाढवलेल्या रोपांवर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, कीटकनाशक मारलेलं असू शकतं, आणि ते पान धुऊन जात नाही. खाण्यासाठी वाढवलेलं आहे का हे विचारून घ्या. खात्री नसेल तर ते रोप सोडून द्या आणि दुसरीकडून घ्या. तसंच रानात आपोआप उगवलेलं, पार्सलीसारखं दिसणारं झाड केवळ दिसण्यावरून खाऊ नये. या कुळात हेमलॉकसारख्या जीवघेण्या वनस्पती आहेत आणि कोवळेपणी त्या ओळखणं अवघड असतं.

धन्यांबद्दल थोडं सविस्तर. आपण ज्याला धना म्हणतो ते खरं तर फळ, आणि त्यात दोन बिया असतात. अख्खा पेरला तर दोन रोपं एकमेकांच्या अंगावर उगवतात किंवा उगवण रेंगाळते. धने कापडावर पसरून लाटण्याने हलक्या हाताने दाबा. दोन डाळिंब्या झाल्या की थांबा, भुगा करू नका. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून सावलीत सुटे होऊ द्या आणि दीड सेंटिमीटर खोल पेरा. आठ ते पंधरा दिवसांत उगवण होते आणि साधारण चाळीस दिवसांनी पहिली कापणी मिळते. स्वयंपाकघरातले धने चालतात, पण ते भाजलेले किंवा फार जुने नसावेत. पेरणीसाठी म्हणून मिळणारं, औषध चोळलेलं रंगीत बी मात्र चुकूनही खाण्यात येता कामा नये. सगळं बी एकदम पेरू नका. दर पंधरा-वीस दिवसांनी एक ओळ टाकत गेलात तर हंगामभर ताजं पान मिळतं.

पार्सलीचं बी तीन, कधी चार आठवडे घेतं. ते दिवसभर पाण्यात भिजवून पेरा आणि धीर धरा. लोक दुसऱ्याच आठवड्यात माती उकरून बघतात आणि कोंब मोडतात. या कुळातल्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते, म्हणून शक्यतो मागच्याच हंगामाचं बी वापरा. थाइमचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते मातीवर नुसतं भुरभुरावं, हलकं दाबावं, झाकू नये. पाणी झारीने न देता फवाऱ्याने द्यावं. चाइव्ह्ज आणि गवती चहा यांचा जुना ठोंब फोडून लावणं सगळ्यात सोपं. गवती चहाला थंडीत फारशी वाढ नसते, त्यामुळे तो ऊब परतल्यावर फोडा.

माती आणि कुंडी

कुंडीला तळाला भोकं हवीत, यात तडजोड नाही. तळाशी खडे-विटांचे तुकडे घातले की निचरा होतो हा समज मात्र सोडून द्या. बारीक माती खड्यांवर टेकते तिथे पाणी थबकून राहतं. म्हणजे ओल खाली जाण्याऐवजी मुळांजवळ वर सरकते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. निचरा हवा तर तो मातीतच हवा.

पाणी पिणाऱ्या गटाला पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात. कोरड्या गटाला निम्मी जाडसर वाळू किंवा बारीक खडी आणि निम्मी माती, खत नावापुरतं. त्यांना नत्र जास्त झालं की फांद्या लुसलुशीत वाढतात, पण पानात वास उरत नाही आणि मावा धावून येतो. सोटमुळाच्या झाडांना 25 ते 30 सेंटिमीटर खोल कुंडी द्या. बाकीच्यांना 15 ते 20 सेंटिमीटर पुरतात.

पुदिना जमिनीत मोकळा सोडू नका. त्याचे धावते कोंब मातीखालून सरकत दोन हंगामांत वाफा गिळतात. वाफ्यातच हवा असेल तर कुंडीसकट पुरा आणि काठ दोन बोटं वर ठेवा. वर्षातून एकदा कुंडी उपडी करून मुळांचा जारवा सुरीने कापावा, निम्मा टाकावा, नवी माती भरावी.

पाणी द्यायच्या आधी बोट मातीत दोन पेरं घाला. पाणी पिणाऱ्या गटात वरचं पेरभर सुकलं असेल तर द्या, आणि तळातून निथळेपर्यंत द्या. रोज चमचाभर शिंपडण्याने मुळं वरच राहतात. कोरड्या गटात दोन्ही पेरं कोरडी लागली तरच पाणी. बोटाला गारवा लागतो पण माती चिकटत नाही, हाच वाफसा; शेतात जो पाहतो तोच कुंडीत पाहायचा. थंडीत पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पानं कोरडी होतात. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका.

खुडणी

आपली बरीच झाडं फुकट जातात ती न खुडल्यामुळे. नवीन रोपाला हात लावायला जीव होत नाही, हे मला समजतं. पण बेसिलचा शेंडा खुडला नाही तर ते काठीसारखं उंच होतं, तुरा काढतं आणि संपतं. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की वरून दुसऱ्या जोडीच्या किंचित वर कापा. तिथल्या दोन्ही बेचक्यांतून दोन फांद्या फुटतील. त्या वाढल्या की पुन्हा तसंच. दोनाच्या चार, चाराच्या आठ. खालची मोठी पानं एकेक तोडत राहणं ही नेमकी उलटी पद्धत. त्याने झाड उघडं पडतं आणि शेंडा पळत सुटतो. पुदिना आणि ओरेगॅनोलाही हाच नियम.

पार्सली आणि शेपू यांचं मात्र बाहेरचं पान बुडापासून काढायचं आणि मधला गाभा राखायचा. चाइव्ह्ज मातीपासून दोन बोटं ठेवून सरळ कापा. रोझमेरीची हिरवी, कोवळी फांदीच कापा. पानं नसलेल्या जून लाकडापर्यंत कापलं तर तिथून पुन्हा फुटेल याचा भरवसा नाही. चाइव्ह्ज, कोथिंबीर आणि मेथी सोडली तर कुठल्याही झाडाचा एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नका. वेळ सकाळची, दव उडाल्यावर आणि ऊन चढण्याआधी. फुलोरा यायच्या तोंडावर पानात सुगंधी तेल भरपूर असतं, वाळवणीसाठी तेव्हाच कापा.

थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी, सेज सावलीत वाळवले तर वास टिकतो. कोथिंबीर, पार्सली, बेसिल, चाइव्ह्ज वाळवून हाती गवत उरतं. ती चिरून गोठवा. ताजी पानं तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. हवाबंद तेलात बॉट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. असं तेल फ्रिजमध्येच ठेवावं आणि थोड्या दिवसांत संपवावं.

किडीचं म्हणाल तर जे पान आपण कच्चं खातो त्यावर विषारी फवारा नको. मावा दिसला की पाण्याच्या जोरदार धारेने पानाची खालची बाजू धुवा, तीन-चार दिवस सलग. हटला नाही तर निंबोळी तेल, लिटरला 5 मिलिलिटर, थोड्या साबणाच्या पाण्यात घोळून संध्याकाळी फवारा. पान खाण्याआधी चांगलं धुवा. बेसिलच्या पानावर शिरांमध्ये पिवळेपणा आणि खालून करडी बुरशी दिसली तर तो केवडा रोग, ते रोप उपटून टाका. पुदिन्यावर नारिंगी पुटकुळ्या आल्या तर तांबेरा. सगळी वाढ जमिनीलगत कापून कचऱ्यात घाला, कंपोस्टमध्ये नको. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला असल्याने त्यावर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, नंतर हिरव्यागार. त्या हाताने वेचून काढल्या की काम झालं. थंडीत कढीपत्त्याची वाढ थांबते आणि पानं पिवळी पडून गळतात. तेव्हा खत वाढवू नका, पाणी कमी करा.

हंगाम सरताना कोथिंबीर फुलावर येऊ लागली की सगळी उपटू नका. चार-पाच झाडं ठेवा. त्या पांढऱ्या छत्र्यांवर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या शेजारच्या झाडांवरचा मावा खातात. छत्रीतले निम्मे धने तपकिरी झाले की दांडे कापून कागदी पिशवीत उलटे टांगा. दोन आठवड्यांत धने आपोआप पिशवीत गळतात. पूर्ण वाळले की बरणीत भरून, वर महिना आणि वर्ष लिहून, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा. पुढच्या गारव्याला पहिली ओळ त्यातूनच पेरता येईल.