दीर्घ मालिकेतील विज्ञान-श्रुतिकेचे परीक्षण कसे करावे

आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून श्रुतिका, म्हणजे केवळ ऐकण्याचे नाटक, हा प्रकार या शहराच्या ओळखीचा आहे. मात्र येथील 'सानंद' या संस्थेचा नाट्यप्रयोग पाहून परतताना आपण ज्या कसोट्या सहज लावतो, म्हणजे नेपथ्य, प्रकाशयोजना, नटांचा वावर, त्यांपैकी एकही येथे लागू पडत नाही. त्यातच ती श्रुतिका विज्ञानकथेची आणि दीर्घ मालिकेतील असेल, तर तिला दोन गोष्टी साधाव्या लागतात: न पाहिलेले जग केवळ कानांपुढे उभे करणे आणि मालिकेच्या पूर्वसंचिताचा भार पेलणे. परीक्षणाचा मुख्य भर या दोहोंवरच असावा.

उदाहरणासाठी 'डॉक्टर हू' घेऊ. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ही कालप्रवासी 'डॉक्टर'ची विज्ञानकथा-दूरचित्रवाणी मालिका १९८९ मध्ये थांबली. हा नायक वेळोवेळी रूप बदलतो आणि प्रत्येक रूप वेगळा नट साकारतो; म्हणून पहिला डॉक्टर, दुसरा डॉक्टर अशी मोजणी होते. १९९९ पासून 'बिग फिनिश' या संस्थेने तिच्या श्रुतिका काढल्या आणि २०२१ पर्यंत चाललेल्या मुख्य मासिक मालेत २७५ श्रुतिका झाल्या. त्या सगळ्या ऐकून मगच लिहावे, असा आग्रह धरू नये. हाती घेतलेल्या श्रुतिकेचा नायक कितवा डॉक्टर आणि ती कोणत्या टप्प्यावर घडते, एवढे आधी जाणून घेणे पुरेसे आहे. पॉल मॅगॅन यांचा आठवा डॉक्टर १९९६ च्या एकाच चित्रपटात मुख्य भूमिकेत दिसला होता आणि २००१ पासून तो श्रुतिकांमधूनच घडत गेला, हे ठाऊक असले म्हणजे त्याची तुलना पडद्याशी करण्याचा मोह आपोआप टळतो.

पहिल्यांदा ऐकताना काहीही टिपू नये. बाहेरच्या वाहनांचा आवाज पोहोचणार नाही अशा वेळी, हेडफोन लावून, निदान एक भाग सलग ऐकावा. दुसऱ्यांदा मात्र वही घ्यावी आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर थांबून लिहावे: प्रसंग कोठे घडतो आहे, जागा बंदिस्त की मोकळी, किती माणसे हजर आहेत, बोलणारा जवळ आहे की दूर? याची उत्तरे प्रतिध्वनी, पावले आणि आवाजांच्या पोतातून मिळाली, तर ध्वनिसंयोजन उत्तम समजावे. "अरे, ते पाहा, दार उघडून यंत्रमानव आत येतो आहे" अशा संवादांतून मिळाली, तर संहिता कमकुवत आहे. दोन पात्रांचे आवाज सतत एकमेकांत मिसळत असतील, तर दोष बहुधा पात्रनिवडीचा असतो. त्याची नोंद वेगळी करावी.

ध्वनी केवळ वातावरणनिर्मिती करतो की अर्थही वाहतो, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. २००२ मधील 'स्पेअर पार्ट्स' या श्रुतिकेत सायबरमॅन, म्हणजे शरीराचे यंत्र झालेला भावनाशून्य माणूस, होऊ घातलेली मुलगी वडिलांच्या घरी परत येते. यंत्राचा हेल काढणारा आवाज आणि त्याखाली उरलेली मुलगी ही दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात; त्या प्रसंगाचे सारे दुःख आवाजात आहे आणि दृश्याची उणीव क्षणभरही भासत नाही. असा एखादा प्रसंग सापडला, तर त्याला परीक्षणात भरपूर जागा द्यावी.

कथेतील विज्ञान खरे असावे, असा हट्ट नको. पण कथेने स्वतः घातलेला नियम शेवटी सोयीसाठी मोडला का, हे अवश्य तपासावे. जुना शत्रू परत येत असेल, तर ज्याने त्याचे नावही ऐकलेले नाही अशा श्रोत्याला भीती वाटेल का, असे स्वतःला विचारावे. केवळ ओळखीच्या आवाजावर टाळी घेणारे पुनरागमन आणि त्या शत्रूविषयी काही नवे सांगणारे पुनरागमन यांत फरक केलाच पाहिजे.

इंग्रजीचे प्रादेशिक उच्चार पहिल्यांदा कळले नाहीत, तर तो श्रुतिकेचा दोष मानू नये. तेवढा तुकडा पुन्हा ऐकावा.

लिहिताना संहिता, अभिनय आणि ध्वनी यांविषयीची मते एकत्र कालवू नयेत. नव्या श्रोत्याने आधी कोणती श्रुतिका ऐकावी, हे नावानिशी सांगावे आणि चार भागांच्या कथेत तिसऱ्या भागाच्या अखेरीनंतरचे काहीही उघड करू नये.