ग्लुटाराल्डिहाइडसोबत ट्रिस बफर नको

ग्लुकोज मोजणारा सेन्सर बनवताना इलेक्ट्रोडवर कायटोसान या पॉलिमरचा थर दिला, ग्लुटाराल्डिहाइड हे जोडणारं रसायन लावलं, ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थेंब सोडला, आणि तरी ग्लुकोज टाकल्यावर करंट ढिम्म हलत नाही? आधी बफरची, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची, बाटली बघा. ट्रिस असेल तर घोळ तिथंच आहे. ग्लुटाराल्डिहाइड एका टोकानं कायटोसानचा अमाइन गट धरतं, दुसऱ्या टोकानं एन्झाइमवरच्या लायसिन या अमिनो आम्लाचा. ट्रिसलाही अमाइन गट असतो. तो आधीच जागा बळकावतो आणि एन्झाइम धुण्यात वाहून जातं. माझा अख्खा आठवडा यात गेला. साधं फॉस्फेट बफर घ्या, पीएच 7 च्या आसपास. ट्रिस किंवा ग्लायसिन कामाचं आहे, पण शेवटी, उरलेली रिकामी टोकं बंद करायला.

दुसरी अडचण खास आपल्या खानदेशची. मे महिन्यात भुसावळकडे पारा 44-45 ला टेकतो. 5 मायक्रोलिटरचा थेंब टेबलावर बघता बघता वाळतो, कडेला नुसतं पांढरं कडं उरतं. म्हणून पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर, त्यावर काचपट्टी, काचपट्टीवर इलेक्ट्रोड, वर झाकण. रात्रभर फ्रिजमध्ये 4 अंशांवर. लोडशेडिंगचा भरवसा नसेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ठेवा.

सकाळी बफरनं धुवा आणि शेवटचं धुवण फेकू नका. त्यातच एन्झाइमची चाचणी घ्या. क्रिया दिसली तर सैल एन्झाइम अजून सुटतंय, अजून धुवायचंय.