ओन्सेनमध्ये उतरण्यापूर्वी अंघोळ

जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, म्हणजे ओन्सेनला, गेलात तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कुंड अंग धुण्यासाठी नसतं, शेकण्यासाठी असतं. आधी बाजूच्या नळाशी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची. उभ्याने नको, शेजाऱ्यावर शिंतोडे उडतात. अंगावर फेसाचा थेंबही राहता कामा नये. मग स्टूल धुऊन जागेवर ठेवायचं.

कपडे मात्र सगळे काढायचे, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आपल्याला हेच जड जातं, पण पाच मिनिटांत लाज विरते, कारण कुणी बघतच नाही. छोटा पंचा सोबत असतो, तो पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवतात. लांब केस वर बांधा.

पाणी बहुधा 40 ते 42 अंश असतं, म्हणून हळूहळू उतरा आणि दारू पिऊन जाऊ नका. गोंदण असेल तर आधी चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी मनाई असते. किनोसाकी या ओन्सेनच्या गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र चालतं. आणि फोन? कपड्यांबरोबर कुलपात.